सोनं-सोनं टकरीत पाय मायनस आणि पाय प्लस यांचं गुणोत्तर १.९५ च्या वर का जातं? दाट द्रव्याचा वाटा नेमका किती?

टिळकवाडी_लॅब

सर्वांना नमस्कार. बेळगावात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतोय, विषय आहे जड आयनांच्या टकरीतले पायॉन (टकरीत जन्मणारे हलके कण; भारानुसार पाय प्लस, पाय मायनस, पाय शून्य) आणि दाट केंद्रकीय द्रव्य. गटात खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं आहेत आणि नोट्स मराठीतच काढतोय, म्हणून इथे विचारते.

आधी हाताने केलेलं गणित मांडते. पायॉन फक्त डेल्टा (१२३२) मधून, म्हणजे १२३२ एमईव्ही वस्तुमानाच्या, लगेच फुटणाऱ्या उत्तेजित न्यूक्लिऑनमधून (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) येतात असं धरलं, तर न्यूट्रॉन-न्यूट्रॉन टकरीतून पाय मायनस आणि पाय शून्य ५ : १ प्रमाणात मिळतात, प्रोटॉन-प्रोटॉनमधून पाय प्लस आणि पाय शून्य तसेच ५ : १, आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनमधून पाय प्लस, पाय शून्य, पाय मायनस १ : ४ : १. न्यूट्रॉन 'न' आणि प्रोटॉन 'प' धरले की

पाय मायनस / पाय प्लस = (५न² + नप) / (५प² + नप)

सोन्यासाठी न = ११८, प = ७९. उत्तर १.९५ येतं. पण जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या फोपी प्रयोगात ४०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला हे गुणोत्तर ३ च्या आसपास आहे, आणि १.५ जीईव्हीला जाईपर्यंत २ च्या जवळ उतरतं.

विचारायचं ते असं. ऊर्जा कमी असताना गुणोत्तर जास्त का? दुसरं, आम्ही स्मॅश कोड (टक्कर संगणकावर घडवणारा प्रोग्राम) मीन फील्ड, म्हणजे सगळ्या न्यूक्लिऑनांचं मिळून होणारं पोटेन्शियल, न लावता, नुसत्या कॅस्केडवर, म्हणजे फक्त एकामागून एक टकरींवर चालवतो, त्यात पायॉनची एकूण संख्या जास्त येते, ती कशामुळे? आणि तिसरं सगळ्यात अडचणीचं. त्याच फोपीच्या आकड्यांवरून एका गटाने सममिती ऊर्जा (न्यूट्रॉन-प्रोटॉन असमान असल्याने द्रव्याला पडणारी जादा ऊर्जा) फार मऊ, म्हणजे घनतेबरोबर हळू वाढणारी, आहे असं काढलंय, दुसऱ्याने ती कडक, म्हणजे झपाट्याने वाढणारी, आहे असं. दोन्ही कसं शक्य आहे?

चिकोडी_न्यूक्लिअर

ताई, १.९५ बरोबर आहे. पण त्या सूत्रात तीन गोष्टी गृहीत आहेत, त्या आधी वहीत लिहून ठेवा: प्रत्येक न्यूक्लिऑन एकदाच धडकतो, धडकणाऱ्यांत न्यूट्रॉन-प्रोटॉनचं प्रमाण अख्ख्या केंद्रकाइतकंच असतं, आणि जन्मलेला पायॉन न बदलता बाहेर पडतो. ४०० एमईव्हीला यातली एकही गोष्ट खरी नाही.

ऊर्जेचा हिशेब करून बघा. ४०० एमईव्हीला दोन न्यूक्लिऑनांची केंद्र-चौकटीतली एकूण ऊर्जा २०६८ एमईव्ही. न्यूक्लिऑन अधिक पूर्ण वस्तुमानाचा डेल्टा म्हणजे २१७१, आणि त्यासाठी ६३२ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन लागतात. म्हणजे ४०० ला पहिल्याच टकरीत ११२९ पर्यंतचाच डेल्टा बनतो, शिखराच्या पुष्कळ खाली, शेपटीत. बाकीची ऊर्जा फर्मी गतीतून (केंद्रकातल्या न्यूक्लिऑनांच्या मूळच्या हालचालीतून) आणि एकामागून एक होणाऱ्या टकरींतून गोळा व्हावी लागते, आणि असा साठा होतो तो मधल्या दाबलेल्या भागात. म्हणून कमी ऊर्जेच्या टकरीतला पायॉन हा दाट भागाचा पायॉन असतो, तिथल्या न्यूट्रॉनच्या जादा प्रमाणाची खूण घेऊन आलेला. १.५ जीईव्हीला साधी पहिली टक्करही डेल्टा बनवते, त्यामुळे गुणोत्तर तुमच्या सूत्राकडे सरकतं.

जपानच्या रिकेनमधला स्पिरिट प्रयोग (कथिलाच्या केंद्रकांच्या टकरी) २७० एमईव्हीला केला तो याच कारणासाठी. तिथे एकूण ऊर्जा २००८ एमईव्ही, आणि दोन न्यूक्लिऑन अधिक एक पायॉन यांचं वस्तुमान २०१७. उंबरठ्याच्या ९ एमईव्ही खाली. मोकळ्या दोन न्यूक्लिऑनांना तिथे पायॉन बनवताच येत नाही, म्हणजे जो मिळतो तो सगळा माध्यमाच्या मदतीने.

आता पायॉनची सुटका. डेल्टा शिखरापाशी पायॉन-न्यूक्लिऑन छेदक्षेत्र (टक्कर होण्याची शक्यता मोजणारं क्षेत्रफळ) पाय प्लस-प्रोटॉनसाठी २०० मिलिबार्न, पाय प्लस-न्यूट्रॉनसाठी त्याच्या एक तृतीयांश. सरासरी १३५ मिलिबार्न म्हणजे १३.५ चौरस फर्मी. सामान्य घनता ०.१६ प्रति घन फर्मी धरली तर मुक्त मार्ग (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) ०.४६ फर्मी. कथिलाच्या केंद्रकाचा व्यास १२ फर्मी, त्यात अर्धा फर्मी म्हणजे काहीच नाही. पायॉन गिळला जातो, डेल्टा बनतो, डेल्टा फुटतो, नवा पायॉन निघतो, आणि प्रत्येक फेरीत विद्युतभार बदलू शकतो. गणपत गल्लीत गणपतीच्या आदल्या दिवशी पाचशेची नोट सोडली तर ती दहा गल्ल्यांतून सुटी होत फिरते आणि गल्लीच्या तोंडाशी हातात पडतात ती शेवटच्या दुकानाची सुटी नाणी, तसं हे. एखाद्या फेरीत डेल्टा दुसऱ्या न्यूक्लिऑनला धडकून दोन साधे न्यूक्लिऑन उरले, तर पायॉन कायमचाच गेला. शिखरापासून दूरचे, कमी ऊर्जेचे पायॉन मात्र बरेच मोकळे सुटतात, छेदक्षेत्र तिथे झपाट्याने पडतं.

त्या मोकळ्या सुटलेल्यांची वेगळी अडचण आहे: कूलॉम्ब, म्हणजे विद्युतभारांची ओढाताण. सोनं-सोनं मध्यवर्ती टकरीत १५८ धन भार सुमारे ८ फर्मी त्रिज्येत असतात. १.४४ गुणिले १५८ भागिले ८, म्हणजे पृष्ठभागापाशी २८ एमईव्ही. पाय प्लसला तेवढा धक्का मिळतो, पाय मायनसला तेवढी ओढ लागते. दोघांच्या वर्णपटांत ५० एमईव्हीहून जास्त सरक पडते आणि कमी संवेगाच्या टोकाला पाय मायनस फुगलेले दिसतात. यात सममिती ऊर्जेचा काहीही हात नाही.

तिसऱ्या प्रश्नाला सावकाश उत्तर द्यावं लागेल, संध्याकाळी लिहितो. तोवर एवढं तपासा: तुमच्या रनमध्ये कूलॉम्ब चालू आहे का?

टिळकवाडी_लॅब

नाही सर, बंद आहे. पोटेन्शियलचा पूर्ण विभागच काढून टाकला होता, फर्मी मोशन 'फ्रोझन' ठेवलंय.

निपाणीकर_कोड

मग जास्त पायॉन येणारच की. कॅस्केडमध्ये दाबण्यासाठी ऊर्जा खर्चच होत नाही. खऱ्या टकरीत आघाताच्या ऊर्जेतला काही भाग द्रव्य दाबण्यात अडकतो आणि तो डेल्टा बनवायला उरत नाही. हा फरक १९८० च्या दशकात बर्कलीच्या बेव्हालॅक त्वरकावर आर्गॉन-पोटॅशियम क्लोराईड टकरींत दिसला, तेव्हा पायॉनच्या तुटीवरून थेट दाबाची ऊर्जा काढता येईल अशी आशा होती. पुढे कळलं की ती तूट संवेगावर अवलंबून असलेल्या पोटेन्शियलमुळेही येते आणि शोषणामुळेही, त्यामुळे एकट्या पायॉन संख्येवरून अवस्था समीकरण (द्रव्य दाबायला किती कठीण ते सांगणारं) ठरत नाही. या कामाला के प्लस कण चांगला ठरला, कारण त्यात प्रति-स्ट्रेंज क्वार्क असतो आणि न्यूक्लिऑन त्याला गिळू शकत नाहीत. सोनं आणि कार्बन यांतल्या के प्लसच्या तुलनेतून मऊ अवस्था समीकरण निघालं ते २००१ च्या सुमाराला.

पोटेन्शियल लावल्यावरही पायॉन थोडे जास्तच येतील, हे आधीच सांगून ठेवतो. डार्मश्टाटच्याच हेडेस प्रयोगाने १.२३ जीईव्हीला सोन्यावर मोजलं तेव्हाही बहुतेक ट्रान्सपोर्ट मॉडेल (स्मॅशसारखे टक्कर घडवणारे कोड) वरच निघाली. एक उपाय म्हणजे दाट द्रव्यात न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन ते न्यूक्लिऑन-डेल्टा हे छेदक्षेत्र कमी करणं. लारियोनोव आणि मोझेल यांनी २००३ मध्ये ते काढून फोपीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं होतं.

आता सेटिंग. स्मॅशचे नेहमीचे आकडे असे: मीन फील्डच्या स्किर्म सूत्रातले ए = −२०९.२ एमईव्ही, बी = १५६.४ एमईव्ही, टाऊ = १.३५, सममिती पोटेन्शियल १८ एमईव्ही. यातून असंपीड्यता (दाबाला होणारा विरोध) २४० एमईव्ही येते. पोटेन्शियल लावलं की फर्मी मोशन 'ऑन' करा. फ्रोझन फक्त कॅस्केडसाठी: तिथे केंद्रक बांधून ठेवणारं काही नसतं, आणि 'ऑन' केलं तर टक्कर होण्याआधीच केंद्रक फुगत जातं. उलट चूकही तेवढीच वाईट. लॅटिस (पोटेन्शियल मोजायची जाळी) चालू ठेवा, कूलॉम्बचा भाग वेगळा लिहा, तो आपोआप येत नाही. वेळेची पायरी ०.१ फर्मी प्रति सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग), स्थिर. शेवटी उरलेले डेल्टा फोडून टाकायचा पर्याय चालू आहे ना ते बघा. १०८० ते ११०० वस्तुमानाचे डेल्टा फार हळू फुटतात, ते मोजायचे राहिले तर नेमके कमी ऊर्जेचे पायॉन गायब होतात.

आघात अंतर ब (दोन केंद्रकांच्या मध्यांतली आडवी सरक): फोपीची मध्यवर्ती निवड ०.१५ च्या खालची आहे, म्हणजे ब भागिले कमाल ब. कमाल ब = १.१५ गुणिले (दोन्ही केंद्रकांच्या वस्तुमानांकांच्या घनमुळांची बेरीज). सोन्यासाठी १३.४ फर्मी, म्हणजे ० ते २ फर्मी. या पट्ट्यात ब सारख्या प्रमाणात घेऊ नका, ब च्या प्रमाणात घ्या, नाहीतर शून्याजवळच्या टकरी अवाजवी जास्त येतात.

किती इव्हेंट लागतील? गुणोत्तराची सापेक्ष चूक म्हणजे (१/पाय मायनस संख्या + १/पाय प्लस संख्या) याचं वर्गमूळ. १०,००० पाय मायनस आणि ३,३३३ पाय प्लस मिळाले की २ टक्के. प्रत्येक संवेग पट्टीत एवढे हवेत, एकूण नव्हे. उच्च संवेगाच्या पट्टीसाठी रन खूप लांबतो.

आणि पावसाळ्यात खानापूरकडे, आपल्याकडेही, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ५००-५०० इव्हेंटच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडी वेगळ्या फोल्डरमध्ये. पण रँडम सीड प्रत्येक तुकडीला वेगळं द्या आणि लिहून ठेवा. एकच सीड कायम राहिलं तर वीस तुकड्यांत तेच ५०० इव्हेंट वीसदा मोजले जातात. चूक २ टक्के दिसते, खरी ९ टक्क्यांच्या घरात असते, आणि आलेख इतका गुळगुळीत दिसतो की शंकाही येत नाही.

चिकोडी_न्यूक्लिअर

निपाणीकरांच्या यादीत एक भर घालतो: टक्कर न करता एकच केंद्रक १०० फर्मी प्रति सी पर्यंत चालवा. त्रिज्या सरकत गेली किंवा न्यूक्लिऑन गळू लागले तर पुढे जाऊ नका. एकूण ऊर्जेवरही लक्ष ठेवा. २७० ला आपण उंबरठ्याच्या ९ एमईव्ही खाली आहोत, तिथे प्रति न्यूक्लिऑन ४-५ एमईव्हीचा गळतीचा हिशेब अख्खा निकाल फिरवतो.

आता तिसरा प्रश्न. हा या विषयाचा गाभा आहे.

डेल्टा, न्यूक्लिऑन आणि पायॉन यांची देवाणघेवाण पुरेशी झाली तर पाय मायनसचा रासायनिक विभव (एक कण वाढवायला लागणारी ऊर्जा) न्यूट्रॉनच्या आणि प्रोटॉनच्या विभवांतल्या फरकाएवढा होतो, पाय प्लसचा त्याच्या उलट. म्हणून गुणोत्तर = घातांकी (२ × फरक ÷ तापमान). आणि थंड द्रव्यासाठी हा फरक = ४ × सममिती ऊर्जा × असममिती, जिथे असममिती म्हणजे (न − प)/(न + प).

कथिल १३२ आणि कथिल १२४ घ्या. न = १५६, प = १००, असममिती ०.२१९. सामान्य घनतेला सममिती ऊर्जा ३२ एमईव्ही धरू. दीडपट घनतेला ती ३२ + एल/६, जिथे एल हा उतार. एल ४२ असेल तर ३९, एल ११७ असेल तर ५१.५. रासायनिक फरकात यामुळे ११ एमईव्हीची तफावत पडते, घातांकात दुप्पट म्हणजे २२. तापमान ६० एमईव्ही धरलं तर गुणोत्तरात १.४४ पटीचा फरक, कडक बाजूला जास्त. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे.

कारण दुसऱ्या बाजूने कडक सममिती ऊर्जा न्यूट्रॉनना दाट भागातून बाहेर ढकलते. मधली असममितीच घटते, न्यूट्रॉन-न्यूट्रॉन टकरी कमी होतात आणि गुणोत्तर खाली येतं. मऊ असेल तर न्यूट्रॉन आतच राहतात आणि गुणोत्तर वाढतं. दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध. २००२ मध्ये हे गुणोत्तर मापक म्हणून सुचवलं गेलं तेव्हा नजर या दुसऱ्या परिणामावर होती.

पहिला परिणाम कोडमध्ये येतो तो केवळ टकरीच्या वेळी ऊर्जेचा हिशेब पोटेन्शियलसकट केला तर. दोन न्यूट्रॉन धडकून प्रोटॉन आणि डेल्टा मायनस झाले तर आधीच्या आणि नंतरच्या पोटेन्शियलची बेरीज वेगळी असते, आणि तो फरक उंबरठा वरखाली करतो. कोड फक्त गतिज ऊर्जा पाहत असेल तर हा परिणाम गायबच, आणि मऊ सममिती ऊर्जेला गुणोत्तर जास्त असं उत्तर येतं. हिशेब पूर्ण केला की कल उलटू शकतो. आयबीयूयू ०४ वापरून २००९ मध्ये अतिमऊ निघालं आणि दुसऱ्या क्वांटम मॉलिक्युलर डायनॅमिक्स कोडने २०१० मध्ये कडक काढलं, त्यामागे अशाच हाताळणीतले फरक आहेत. डेल्टाचं पोटेन्शियल काय धरलं त्यावरही हलतं. नेहमीची निवड: डेल्टा मायनस न्यूट्रॉनसारखा, डेल्टा डबल प्लस प्रोटॉनसारखा, मधले दोन एक तृतीयांश-दोन तृतीयांश मिश्रणाने. ही गरजेपोटी केलेली निवड आहे, मोजलेली नाही. शिवाय पायॉनचं स्वतःचं पोटेन्शियल, त्याचे दोन भाग: एस-लाट न्यूट्रॉनसमृद्ध द्रव्यात पाय मायनसला ढकलते, पी-लाट ओढते.

खानापूर_ताम्रपर्णी

सर, मग या गुणोत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही? कूलॉम्ब ५० एमईव्ही आणि आपला संकेत २२, तोही वरच्या टोकाचा.

चिकोडी_न्यूक्लिअर

एकूण गुणोत्तरावर नाही. उच्च संवेगाच्या भागावर ठेवावा. स्पिरिट गटाने नेमकं तेच केलं. दोन टकरी घेतल्या: कथिल १३२ + १२४ आणि कथिल १०८ + ११२. दोन्हींत प्रोटॉन १००च, न्यूट्रॉन १५६ आणि १२०. कूलॉम्ब दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणून गुणोत्तरांचं गुणोत्तर घेतलं की बराचसा कटतो. मग आडवा संवेग २०० एमईव्ही प्रति सी च्या वरचेच पायॉन घेतले, कारण त्याखाली कूलॉम्ब आणि पायॉनचं पोटेन्शियल यांचाच जोर असतो. २०२१ मध्ये त्यातून एल ४२ ते ११७ एमईव्ही असा पट्टा मिळाला. रुंद आहे, हो. पण त्याच वर्षी सात ट्रान्सपोर्ट मॉडेलांनी एकूण संख्या आणि गुणोत्तरांचे केलेले अंदाज प्रयोगाशी ताडले, तेव्हा मॉडेलांमधला आपसातला फरकच सममिती ऊर्जेच्या परिणामापेक्षा मोठा निघाला. म्हणून आकड्यापेक्षा आधी कोड तपासणं महत्त्वाचं.

आणखी एक बघा, ताई. न/प चा वर्ग त्या दोन टकरींसाठी २.४३ आणि १.४४ येतो. मोजलेलं गुणोत्तर न/प नुसार वर्गापेक्षा स्पष्ट जास्त चढतं. दाट भागाची आणि उंबरठ्याची गोष्ट तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

निपाणीकर_कोड

कोड तपासायची सोपी कसोटी आहे, लॅबच्या पीसीवर होते. २० फर्मी बाजूची पेटी, कडा आवर्ती. त्यात ७६८ न्यूट्रॉन, ५१२ प्रोटॉन: एकूण १२८०, म्हणजे घनता बरोबर ०.१६. तापमान ६० एमईव्ही. पोटेन्शियल नाही, पाउली अवरोध (भरलेल्या अवस्थेत दुसऱ्या न्यूक्लिऑनला मज्जाव) नाही, फक्त न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन ते न्यूक्लिऑन-डेल्टा आणि डेल्टा ते न्यूक्लिऑन-पायॉन, दोन्ही दिशांनी. वेगवेगळे ट्रान्सपोर्ट कोड एकमेकांशी ताडताना अशीच पेटी वापरली होती.

समतोल आल्यावर पाय मायनस/पाय प्लस हे न/प च्या वर्गाएवढं हवं आणि डेल्टा मायनस/डेल्टा डबल प्लस हे घनाएवढं. सुरुवातीचे आकडे धरले तर २.२५ आणि ३.३८, पण काही न्यूक्लिऑन डेल्टात गेलेले असतात, म्हणून न आणि प शेवटी उरलेलेच मोजा. वर्ग जुळतो आणि घन जुळत नाही असं झालं तर उलट प्रक्रियेच्या छेदक्षेत्रात चूक आहे. डेल्टाला ठरावीक वस्तुमान नाही, त्यामुळे साधा तपशीलवार समतोल (पुढच्या प्रक्रियेवरून उलट प्रक्रियेचं छेदक्षेत्र काढायचा नियम) चालत नाही, वस्तुमानाच्या वाटपावर संकलन करावं लागतं. डॅनिएलेविच आणि बर्ट्श यांनी १९९१ मध्ये ते करून दाखवलंय. हे चुकलं की शोषण कमी पडतं आणि पायॉन जास्त येतात. तुमचा दुसरा प्रश्न यातूनही उद्भवू शकतो.

आणि एका वेळ-पायरीत आधी टकरी की आधी डेल्टाचं फुटणं, हा क्रम बदलूनही गुणोत्तर हलतं. पायरी ०.१ वरून ०.०५ करा. उत्तर सरकलं तर तो आकडा भौतिकीचा नाही, कोडचा आहे.

टिळकवाडी_लॅब

आधी पेटी करतो. मग एकटं केंद्रक, मग कूलॉम्बसकट ४०० एमईव्ही सोनं, ब ० ते २ फर्मी. सर, प्रबंधात पाउली अवरोधाबद्दल लिहावं का? टेस्ट पार्टिकल (एका न्यूक्लिऑनसाठी कोडमध्ये घेतलेले नमुना कण) आम्ही १ च ठेवलेत.

चिकोडी_न्यूक्लिअर

लिहावं, आणि १ वर राहू नका. एका टेस्ट पार्टिकलने अवस्था-अवकाशातली व्याप्ती फार खडबडीत मोजली जाते. भरलेली जागा रिकामी दिसते, जिथे अडायला हवं तिथे टक्कर होऊन जाते, आणि उंबरठ्यापाशी खोटे डेल्टा वाढतात. २०, ५०, १०० असं वाढवत जा आणि अडलेल्या टकरींचं प्रमाण स्थिर होतं का ते वेगळ्या आलेखात दाखवा. मग पायॉनची संख्या टेस्ट पार्टिकलच्या संख्येने भागायला विसरू नका.